कोरी पाटी आणि गाडीचा विमा: अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

अमेरिकेत येऊन पंधरा दिवस होत नाहीत तोच गाडीच्या विम्याचा आकडा कानावर पडतो आणि माणूस गप्प बसतो. पुण्यात बारा वर्षं गाडी चालवली, एकही क्लेम नाही, नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर पोचलेला. इथला एजंट सहा महिन्यांचा हप्ता सांगतो आणि आपण मनातल्या मनात रुपयांचा गुणाकार करत राहतो. आमच्या डॅलस भागात दर महिन्याला कोणी ना कोणी नवं जोडपं येतं, आणि गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेता घेता मला हाच प्रश्न विचारतं: "ताई, एवढा कसा काय?" उत्तर दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून नीट लिहून काढते आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. पहिल्या महिन्यात मिळालेला दर कायमचा नसतो. तो तुमच्या कोऱ्या पाटीचा, म्हणजे इथे उधारी घेण्या-फेडण्याचा इतिहास नसण्याचा, दर असतो. पाटीवर काही लिहिलं गेलं की तो बदलतो, पण आपोआप नव्हे. "तुमचं क्रेडिट सुधारलं, हप्ता कमी करून घ्या" असा फोन विमा कंपनी स्वतःहून करत नाही. तो फोन आपणच करायचा असतो, आणि नवीन आलेली बहुतेक मंडळी नेमकी तिथेच राहून जातात.

उधारीचा आणि गाडीचा संबंध काय?

भारतात हा संबंध नाही. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. ओन डॅमेजचा दर गाडीची किंमत, तिचं वय, शहर आणि नो क्लेम बोनस यांवर ठरतो. सिबिलची आठवण येते ती घराचं कर्ज काढताना. इथे मात्र बहुतेक राज्यांमध्ये विमा कंपनी तुमचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे उधारी आणि परतफेडीच्या नोंदी, बघते आणि त्यावरून एक वेगळा स्कोअर काढते. त्याला क्रेडिट-बेस्ड इन्शुरन्स स्कोअर म्हणतात. फायको या कंपनीच्या ज्या स्कोअरवर बँक कर्ज देते, तो हा नव्हे. बँकेचा स्कोअर तुम्ही पैसे परत कराल का हे सांगतो, विम्याचा स्कोअर तुम्ही क्लेम कराल का याचा अंदाज बांधतो. कच्चा माल मात्र एकच, तुमचा क्रेडिट रिपोर्ट.

फायकोच्या विमा स्कोअरमध्ये वजन साधारण असं वाटलेलं असतं: पैसे वेळेवर फेडले का याला ४० टक्के, डोक्यावर किती देणं आहे याला ३०, इतिहास किती जुना आहे याला १५, नवीन उधारीसाठी किती ठिकाणी अर्ज केले याला १०, आणि खात्यांच्या प्रकारांना ५. तुमचा पगार त्यात येत नाही. जात, धर्म, देश, लिंग यांनाही त्यात जागा नाही. म्हणून "माझा पगार चांगला आहे, मग दर एवढा का?" या प्रश्नाला एजंटकडे उत्तर नसतं.

हे न्याय्य आहे का, यावर इथे गेली अनेक वर्षं वाद चालू आहे. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने २००७ साली अमेरिकी काँग्रेसला अहवाल दिला. हे स्कोअर क्लेमचा अंदाज बऱ्यापैकी बांधतात, असं त्यात म्हटलं होतं. आणि कमी स्कोअरच्या गटात कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोकांचं प्रमाण खूप जास्त आहे, हेही त्याच अहवालात होतं. माझं मत स्पष्ट आहे: जो माणूस नीट गाडी चालवतो, त्याने उधारीचं कार्ड वापरलं नाही म्हणून जास्त पैसे भरावेत हे बरोबर नाही. पण नियम आज असा आहे, आणि तो समजून घेतला तर आपले पैसे वाचतात.

पायरी १: तुमचं राज्य कोणतं ते बघा

कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि हवाई या राज्यांत गाडीच्या विम्याचा दर ठरवताना क्रेडिट वापरायला बंदी आहे. कॅलिफोर्नियात १९८८ च्या प्रपोझिशन १०३ या कायद्यानुसार ड्रायव्हिंगचं रेकॉर्ड, वर्षाला किती मैल गाडी चालते आणि किती वर्षांचा अनुभव आहे, या तीन गोष्टींना पहिला मान आहे. तेव्हा फ्रीमाँट-सनीव्हेलची किंवा बॉस्टनची मंडळी सध्या हा लेख बाजूला ठेवू शकतात. सध्या म्हणते, कारण उद्या नोकरी बदलून ऑस्टिनला किंवा न्यू जर्सीत एडिसनला आलात की तुमचं क्रेडिट तुमच्या विम्यात शिरतं. सनीव्हेलमध्ये चार वर्षं राहून निष्काळजीपणाने दोन कार्डांचे हप्ते चुकवलेल्या माणसाला टेक्सासमध्ये आल्यावर पहिल्याच कोटमध्ये, म्हणजे कंपनीने सांगितलेल्या दरात, त्याची किंमत दिसते.

इतर काही राज्यांत बंदी नाही, पण मर्यादा आहेत. प्रत्येक राज्याच्या विमा खात्याच्या साइटवर याचं पान असतं. अपार्टमेंटचा करार करण्याआधी दहा मिनिटं काढून ते वाचा.

पायरी २: नाव सगळीकडे एकसारखं लिहा

हा मुद्दा आपल्या मराठी माणसांसाठी फार महत्त्वाचा आहे, आणि सांगणारं कोणी भेटत नाही. आपलं नाव तीन पदरी. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र, सरनेममध्ये आडनाव. सोशल सिक्युरिटीच्या (सरकारी ओळख क्रमांकाच्या) कार्डावर तेच तसंच उतरतं. मग बँकेत आपण फक्त पहिलं नाव आणि आडनाव देतो. क्रेडिट कार्डाच्या अर्जात वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. लायसन्सवर तिसरंच काहीतरी. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांची तर पासपोर्टवर माहेरचं, नवीन कागदांवर सासरचं अशी ओढाताण असते. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी आहे, त्यांच्या नावापुढे कधी कधी एफएनयू ही तीन अक्षरं येऊन बसतात, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही.

विमा कंपनी तुमची फाइल शोधते ती नाव, जन्मतारीख, पत्ता आणि सोशल सिक्युरिटी नंबर जुळवून. यांतलं काही हललं की एका माणसाच्या दोन फाइली होतात किंवा फाइल सापडतच नाही. दोन वर्षं इमाने इतबारे कार्डाचं बिल भरलं आणि विम्याच्या वेळी "इतिहास नाही" असं उत्तर आलं, तर आधी इथे बघा. उपाय सोपा आहे. सोशल सिक्युरिटी कार्डावर जसं नाव आहे, अक्षरन् अक्षर तसंच बँक, कार्ड, लायसन्स आणि विमा या चारही ठिकाणी द्या. चूक आधीच झाली असेल तर बँकेपासून दुरुस्ती सुरू करा, कारण रिपोर्टमध्ये माहिती जाते ती तिथूनच.

पायरी ३: पहिला विमा घ्या, पण घाई करू नका

फाइल रिकामी असली म्हणून विमा मिळणार नाही, असं होत नाही. क्रेडिटचा इतिहास नसणं म्हणजे वाईट इतिहास असणं नव्हे, आणि टेक्साससकट अनेक राज्यांच्या कायद्यात यासाठी तरतूद आहे. फाइल नसलेल्या ग्राहकाला कंपनीने तटस्थ धरावं, किंवा वेगळं वागवायचं असेल तर त्याला आकडेवारीचा आधार द्यावा, असा त्याचा सारांश. प्रत्येक कंपनी हे आपापल्या पद्धतीने करते, म्हणूनच कोऱ्या फाइलच्या माणसाला दोन कंपन्यांच्या दरांत मोठा फरक दिसतो.

किमान चार-पाच कोट घ्या. कोट घेतल्याने क्रेडिट स्कोअर खाली येतो ही भीती मनातून काढून टाका. विम्याच्या चौकशीला सॉफ्ट इन्क्वायरी म्हणतात, तिचा स्कोअरवर परिणाम होत नाही. गाडीच्या कर्जासाठी बँक जी चौकशी करते ती हार्ड. ती मोजली जाते, पण डीलरने थोड्या दिवसांत चार बँकांकडे अर्ज पाठवला तर गाडीच्या कर्जाच्या त्या चौकश्या सहसा एकच धरल्या जातात.

गायकोसारख्या कंपन्या थेट विकतात, स्टेट फार्मचे स्वतःचे एजंट असतात, आणि स्वतंत्र एजंट एकाच वेळी अनेक कंपन्यांचे दर काढून देतो. तिन्ही दारं ठोठावा. टेक्सासमध्ये असाल तर राज्य सरकारची हेल्प इन्शुअर नावाची साइट आहे, तिच्यावर कंपन्यांचे नमुना दर शेजारी शेजारी बघता येतात.

विचारायचे प्रश्न तीन. पहिला: "तुम्ही क्रेडिट बघता का, आणि ज्याची फाइल नाही त्याला कुठल्या गटात टाकता?" दुसरा: "माझा भारतातला ड्रायव्हिंगचा अनुभव धरता का?" बहुतेक कंपन्या इथलं लायसन्स मिळालेल्या दिवसापासून वर्षं मोजतात, काही थोडा अनुभव मान्य करतात. भारतातल्या विमा कंपनीकडून क्लेम नसल्याचं पत्र आणून ठेवलं असेल तर ते पुढे करा. तिसरा: "मोबाइल ॲपवरून ड्रायव्हिंग मोजून सवलत देता का?" प्रोग्रेसिव्हचा स्नॅपशॉट, स्टेट फार्मचा ड्राइव्ह सेफ अँड सेव्ह हे त्यातले कार्यक्रम. ॲप तुमचं ब्रेक मारणं, वेग, वेळ बघतं. ज्याचा इतिहास कोरा आहे पण हात सवयीचा आहे, त्याला स्वतःचं ड्रायव्हिंग दाखवण्याचा हा चांगला रस्ता आहे. काही राज्यांत अशा नोंदींवरून दर वाढूही शकतो, तेव्हा होकार देण्याआधी तेवढं विचारून घ्या.

हप्ता कमी करायचा म्हणून लायबिलिटी (अपघातात समोरच्याच्या नुकसानीची भरपाई देणारा भाग) किमान पातळीवर आणू नका, ही माझी हात जोडून विनंती. टेक्सासमध्ये किमान मर्यादा ३०/६०/२५ आहे. म्हणजे एका जखमी माणसामागे ३०,००० डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींना मिळून ६०,००० आणि समोरच्याच्या मालमत्तेला २५,००० डॉलर. इथे हॉस्पिटलचा एक मुक्काम हा आकडा ओलांडतो, आणि वरची रक्कम समोरचा माणूस तुमच्याकडून मागू शकतो. काटकसर करायचीच असेल तर डिडक्टिबल (क्लेमच्या वेळी आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम) वाढवा, साधी जुनी गाडी घ्या. लायबिलिटीला हात लावू नका.

पायरी ४: पाटीवर लिहायला सुरुवात करा

सोशल सिक्युरिटी नंबर आला की त्याच आठवड्यात एक क्रेडिट कार्ड. साधं मिळालं तर उत्तम, नाही तर सिक्युअर्ड कार्ड. त्यात दोनशे-पाचशे डॉलर आधी ठेव म्हणून द्यायचे, तेवढीच मर्यादा मिळते, आणि नीट वापरलं की ठेव परत मिळते. अमेरिकन एक्स्प्रेससारखी कंपनी कार्ड देताना भारतातला क्रेडिट इतिहास बघू शकते, तेव्हा भारतातलं रेकॉर्ड चांगलं असेल तर तिथे अर्ज करून बघा. विमा कंपन्या मात्र सिबिल बघत नाहीत.

साधा फायको स्कोअर तयार व्हायला निदान सहा महिने जुनं एक खातं लागतं. त्या सहा महिन्यांत दोनच गोष्टी सांभाळा.

एक, ऑटो पे. पूर्ण रकमेचं, किमान रकमेचं नव्हे. बिल ३० दिवसांनी उशिरा गेलं की त्याची नोंद रिपोर्टमध्ये होते आणि सात वर्षं राहते. भाच्याच्या लग्नासाठी महिनाभर सांगलीला गेलो आणि कार्ड राहून गेलं, अशी नोंद पुसायला फार त्रास होतो.

दोन, स्टेटमेंटची तारीख. ही बारीक गोष्ट आहे, नीट वाचा. कार्डाची मर्यादा ५०० डॉलर, महिन्याच्या किराण्यात आणि पेट्रोलमध्ये ४५० गेले, देय तारखेला तुम्ही सगळे भरले. तुमच्या मते उधारी शून्य. पण बँक सहसा ज्या दिवशी स्टेटमेंट तयार होतं त्या दिवशीची बाकी कळवते, आणि त्या दिवशी ती ४५० होती. रिपोर्टमध्ये दिसतं की या माणसाने मर्यादेच्या ९० टक्के उचल केली आहे. म्हणून स्टेटमेंटच्या दोन-तीन दिवस आधीच बरेचसे पैसे भरून टाका, बाकी तीस टक्क्यांच्या आत ठेवा. पैसे तेवढेच जातात, फक्त दिवस बदलतो.

डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बायकांविषयी थोडं जास्त लिहिते, कारण मी स्वतः तशीच आले होते. कामाची परवानगी नसली की सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. घरातलं प्रत्येक खातं नवऱ्याच्या नावावर जातं आणि पाच वर्षांनी परवानगी आली तरी तुमच्या नावाची फाइल रिकामीच असते. तसं होऊ देऊ नका. नवऱ्याच्या कार्डावर ऑथराइज्ड युजर, म्हणजे ते कार्ड वापरायची परवानगी असलेली दुसरी व्यक्ती, म्हणून नाव घाला. काही बँका आयटीआयएन या करासाठीच्या नंबरवरही कार्ड देतात, त्यांच्याकडे चौकशी करा. गाडीच्या नोंदणीत दोघांची नावं ठेवा आणि विम्यातही दोघांची. आणि पुढे तुमचं क्रेडिट नवऱ्यापेक्षा चांगलं झालं, तर "पॉलिसीवर पहिलं नाव माझं ठेवलं तर किती पडेल?" असं एजंटला विचारा. अनेक कंपन्या पहिल्या नावाच्या माणसाचं क्रेडिट धरतात. आमच्या घरात या एका प्रश्नाने फरक पडला.

पायरी ५: ते पातळ पत्र फेकू नका

आमची दुसरी की तिसरी पॉलिसी होती. कंपनीकडून एक पानी पत्र आलं. जाहिरात समजून मी ते कचऱ्यात टाकणार होते. त्यात लिहिलं होतं की तुमच्या क्रेडिट रिपोर्टमधल्या माहितीमुळे तुम्हाला आमचा सर्वांत चांगला दर मिळालेला नाही. खाली चार कारणं, त्यातलं पहिलं: वसुलीला दिलेलं खातं. आम्ही चक्रावलो. कोणाचा एक पैसा बुडवलेला नव्हता.

रिपोर्ट मागवला तेव्हा उलगडा झाला. जुनं अपार्टमेंट सोडताना विजेचं शेवटचं बिल, सत्तेचाळीस डॉलर, जुन्या पत्त्यावर गेलं होतं. कोणी उचललं नाही. कंपनीने ते वसुलीवाल्यांना दिलं. सत्तेचाळीस डॉलरच्या बिलाने आमचा दोन गाड्यांचा हप्ता वाढवला होता.

त्या पत्राला ॲडव्हर्स ॲक्शन नोटीस म्हणतात. १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टनुसार क्रेडिटमुळे दर जास्त लागला असेल तर कंपनीला तसं कळवावंच लागतं, आणि कोणत्या संस्थेचा रिपोर्ट वापरला तेही सांगावं लागतं: इक्विफॅक्स, एक्स्पेरियन की ट्रान्सयुनियन. पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत त्या संस्थेकडून रिपोर्ट फुकट मागता येतो. तसेही तिन्ही संस्थांचे रिपोर्ट ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉम या साइटवर दर आठवड्याला मोफत मिळतात. तिथे कार्ड नंबर मागत नाहीत. मागितला तर तुम्ही दुसऱ्याच साइटवर आहात.

रिपोर्टमध्ये चूक असेल तर त्या संस्थेकडे डिस्प्यूट नोंदवा, कागद जोडा. साधारण ३० दिवसांत चौकशी करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. दुरुस्ती झाली की विमा कंपनीला लेखी कळवून दर पुन्हा काढायला सांगा.

आणि घर सोडताना वीज, गॅस, पाणी, इंटरनेट या चारही कंपन्यांना नवा पत्ता द्या, शेवटचं बिल ऑनलाइन उघडून स्वतः भरा, पावती जपून ठेवा.

पायरी ६: त्यांना पुन्हा बघायला लावा

पॉलिसी बहुधा सहा महिन्यांची असते. फोनच्या कॅलेंडरमध्ये नूतनीकरणाच्या महिनाभर आधीची तारीख टाका. त्या दिवशी एजंटला फोन करून एवढंच म्हणा: "मी पॉलिसी घेतली तेव्हा माझी क्रेडिट फाइल नव्हती, आता आहे. नवीन स्कोअर काढून मला दर सांगा." अनेक राज्यांत वर्षातून एकदा अशी मागणी करण्याचा हक्क आहे. कंपनीने नाही म्हटलं तरी बिघडत नाही, त्याच दिवशी बाहेरून तीन कोट घ्या. नव्या कंपनीला तुमची आजची फाइल दिसते. पहिली दोन वर्षं हे दर सहा महिन्यांनी करा, मग वर्षातून एकदा पुरे.

नोकरी गेली, घरात मोठं आजारपण आलं, जोडीदार गेला, घटस्फोट झाला किंवा कोणी तुमची ओळख चोरली, आणि त्यामुळे हप्ते चुकले, तर टेक्साससारख्या बऱ्याच राज्यांत कंपनीकडे लेखी सूट मागता येते. व्हिसावर असताना ले-ऑफ झालेल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं. त्या दिवसांत डोकं ठिकाणावर नसतं हे मी जवळून पाहिलं आहे, पण एक अर्ज आणि नोकरी गेल्याचं तुमच्या ऑफिसचं पत्र जोडून पाठवायला अर्धा तास लागतो. विमा कंपनी दाद देत नसेल तर राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार करता येते आणि तिला पैसे पडत नाहीत.

शेवटी, फट पडू देऊ नका

क्रेडिटइतकीच दुसरी एक गोष्ट दर वाढवते, विम्यात पडलेला खंड. दोन महिने भारतात जायचं म्हणून पॉलिसी बंद करून पैसे वाचवणारे मला दरवर्षी भेटतात. परत आल्यावर नवीन कंपनी विचारते, "गेले सहा महिने सलग विमा होता का?" आणि उत्तर नाही असलं की सवलत जाते. शिवाय गाडीवर कर्ज असेल तर बँक स्वतः महागडा विमा काढून तो तुमच्या माथी मारू शकते. पॉलिसी बंद करण्याऐवजी एजंटला जाण्या-येण्याच्या तारखा सांगा. गाडी गॅरेजमध्ये उभी असताना कव्हर कमी करण्याची सोय काही कंपन्यांकडे असते. कंपनी बदलतानाही हाच नियम. नव्या पॉलिसीचं कार्ड हातात आलं, त्यावरची सुरू होण्याची तारीख दोनदा वाचली, की मगच जुन्या कंपनीला फोन करा.